गुडघ्यावर बंदूक, मांडीशी कॅमेरा : टर्कीच्या शिकारीचं चित्रीकरण एकट्याने करताना

माझ्या पहिल्या मोसमाच्या चित्रीकरणात ४० मिनिटं माझा डावा बूट आहे, थोडा पाचोळा आहे आणि मी कुजबुजलेलं "आला, आला" आहे. टर्की नाही. तो आला तेव्हा मी घाईने रेकॉर्डचं बटण दाबलं. कॅमेरा आधीपासून चालूच होता, तो बंद पडला. पक्षी निघून गेल्यावर 'आता बंद करू' म्हणून पुन्हा दाबलं, तर चालू झाला. मग कॅमेरा गळ्यात अडकवून गाडीपर्यंत केलेली पायपीट त्याने इमानेइतबारे टिपली.

मी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या मध्यभागात राहतो. इथे मे महिना टर्कीचा. दरवर्षी एखादा मराठी माणूस विचारतो, लायसन्स काढलं, बंदूक घेतली, आता शूटिंग कसं करू? शूटिंग हा शब्द इथे दोन्ही अर्थांनी लागू आहे आणि अडचण नेमकी तिथेच आहे. दोन कामं, हात दोनच, आणि पक्षी तीस पावलांवर असताना लक्ष मात्र एकच. म्हणून माझी सगळी पद्धत एका गोष्टीभोवती बांधलेली आहे : कॅमेऱ्याचं काम पक्षी टप्प्यात येण्याआधी संपलेलं असलं पाहिजे. पुढच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

भारतातल्या वाचकांसाठी आधीच सांगतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे तिथे शिकार हा गुन्हा आहे. बंदुकीचा भाग वगळून बाकीचं मोरासाठी वापरा. मोरही पिसारा फुलवतो, त्याचीही नजर चुकवणं कठीण, आणि शिरूर तालुक्यातल्या मोराची चिंचोलीत पहाटे कॅमेरा घेऊन बसलात तर अडचणी याच येतील.

पायरी १ : आधी कागद

पेनसिल्व्हेनियात पहिल्यांदा लायसन्स काढणाऱ्याला हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. वसंतात फक्त दाढीवाला पक्षी मारता येतो. दाढी म्हणजे छातीवरून लोंबणारा, घोड्याच्या केसांसारखा राठ झुबका. एका लायसन्सवर एकच पक्षी. दुसरा हवा असेल तर त्याचं वेगळं लायसन्स मोसम उघडण्याआधीच घ्यायचं. मोसमाच्या पहिल्या भागात वेळ सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून दुपारी १२ पर्यंत, पुढच्या भागात सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. रायफल चालत नाही. तारखा दरवर्षी सरकतात, म्हणून गेम कमिशनची, म्हणजे शिकारीचे नियम ठरवणाऱ्या राज्याच्या खात्याची, त्या वर्षीचीच पुस्तिका वाचा. दुसऱ्या राज्यात असाल तर तिथली.

आपल्या लोकांसाठी एक वेगळा मुद्दा. ग्रीन कार्ड असेल तर बहुतेक प्रश्न सुटतो. एच-वन-बी सारख्या व्हिसावर असाल तर संघराज्याच्या कायद्याने बंदूक जवळ बाळगायला सर्वसाधारणपणे बंदी आहे. वैध हंटिंग लायसन्स हा तिला एक अपवाद आहे. पण तो ऑफिसातल्या मित्राच्या भरवशावर गृहीत धरू नका. उसनी बंदूक हातात घेण्याआधीही वकिलाला विचारा.

कॅमेरेवाल्याने तीन नियम आणखी लक्षात ठेवायचे. वसंतातली शिकार फक्त आवाज काढून, पक्ष्याला बोलावून करायची असते, पक्ष्याच्या मागे रांगत जायला बंदी आहे. म्हणजे 'जरा पुढे सरकून चांगला अँगल घेऊ' हे बंद. इलेक्ट्रॉनिक आवाजाने टर्की बोलावणं बेकायदा आहे, तेव्हा जंगलात बसल्या बसल्या कालची क्लिप स्पीकरवर ऐकायचा मोह नको. कॅमेऱ्याचा स्पीकर घरीच शून्यावर करून निघा. आणि स्टेट गेम लँड्सवर, म्हणजे शिकारीसाठीच्या सरकारी जंगलांत, ड्रोन उडवता येत नाही, त्यामुळे वरून घेतलेलं जंगलाचं दृश्य विसरा.

शेतकऱ्याच्या जमिनीवर जाणार असाल तर शिकारीची परवानगी वेगळी, चित्रीकरणाची वेगळी मागा. बहुतेक जण हो म्हणतात, पण आपलं कोठार कुणाच्या फोनवर दिसलेलं त्यांना आवडत नाही.

पायरी २ : समोर कोण आहे ते ओळखा

टर्की रात्र झाडावर काढतो. तांबडं फुटायच्या सुमारास नर रातथाऱ्यावरूनच ओरडायला लागतात, त्याला गॉबल म्हणतात. उजेड झाला की खाली उतरतात आणि मादीच्या शोधात निघतात. आपण मादीचा आवाज काढून नराला आपल्याकडे वळवायचं. पूर्ण वाढलेला नर म्हणजे टॉम किंवा गॉब्लर, वर्षाचा पोरसवदा नर म्हणजे जेक.

नाक कामाचं नाही, पण डोळे भयंकर. इथले म्हातारे शिकारी म्हणतात, टर्कीला वास आला असता तर तो कुणाच्याच हाती लागला नसता. त्याला रंग दिसतात आणि डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने जवळजवळ सगळीकडचं दिसतं. स्थिर वस्तूला तो फारसा भीत नाही, हलणाऱ्या हाताला भितो. कॅमेऱ्यामुळे तुमचे हात एरवीपेक्षा तिप्पट हलतात. चित्रीकरणाने शिकार हुकते ती बहुतेक वेळा यामुळेच.

या पक्ष्याचं खरं नवल त्याचं डोकं. मुघल बादशहा जहांगीर याला १६१२ मध्ये त्याच्या दरबारातल्या मुकर्रब खानाने गोव्याहून काही अजब पशुपक्षी आणून दिले, त्यात एक टर्की होता. पोर्तुगिजांच्या जहाजांनी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाकडून गोव्यापर्यंत पोचवलेला. जहांगीरने आठवणींत लिहून ठेवलंय की माजावर आला की त्याचं डोकं आणि मान पोवळ्यासारखी लाल होते, थोड्या वेळाने कापसासारखी पांढरी, कधी फिरोजी, जणू सरडाच. बाबराने प्राण्यांची वर्णनं लिहिली पण चित्रं काढवली नाहीत, हेही तो नोंदवतो आणि स्वतः चित्र काढवून घेतो. उस्ताद मन्सूरने काढलेला तो टर्की लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. चारशे वर्षांपूर्वी त्या माणसाला जे टिपावंसं वाटलं तेच आपल्यालाही टिपायचंय. आपला कॅमेरा ऑटोवर असला की ते नेमकं बिघडतं, ते पुढे सांगतो.

पायरी ३ : कॅमकॉर्डरच का, आणि कसला

बहुतेक फोनना पुरेसा लांबचा झूम नसतो. मोठ्या सेन्सरचे कॅमेरे सुंदर चित्र देतात, पण पक्षी पाच पावलं सरकला की फोकस हलवावा लागतो, आणि ते करायला तुमच्याकडे तिसरा हात नाही. जुन्या धाटणीच्या कॅमकॉर्डरचा सेन्सर छोटा असतो. कागदावर ती उणीव, जंगलात तोच फायदा. अर्ध्या झूमवर २० यार्डांवर फोकस बांधला की माझ्या कॅमेऱ्यात साधारण १५ ते ३० यार्डांपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. शिवाय झूम आवाज न करता सरकतो आणि मोठी बॅटरी लावली की सकाळ निघते.

सोनीच्या एएक्स-५३ सारख्या ४के कॅमकॉर्डरला २० पट ऑप्टिकल झूम आहे, तेवढा भरपूर झाला. डिजिटल झूमचे आकडे वाचूच नका. सेकंडहँड घेतलात तरी चालेल, पण विकत घेण्याआधी पाच गोष्टी हाताने तपासा : बाहेरचा माइक लावायची जागा, हेडफोनची जागा, वायरच्या रिमोटची जागा, हाताने फोकस करता येतो का आणि एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजेड, बांधून ठेवता येतं का. माइकची जागा नसलेला कॅमेरा फुकट मिळाला तरी घेऊ नका.

ट्रायपॉड बुटका हवा. मधला खांब नसलेला, पाय पार जमिनीपर्यंत पसरणारा, फ्लुइड हेडचा, म्हणजे कॅमेरा धक्का न देता फिरवणारा. लेन्स बसलेल्या माणसाच्या छातीइतकी उंच ठेवा. त्याहून खाली गेलात तर मे महिन्यात जंगलभर उगवणाऱ्या मेअ‍ॅपलच्या छत्रीसारख्या पानांचंच चित्रीकरण होतं. ट्रायपॉडच्या दांड्यावर वायरचा रिमोट बसवा. चालू-बंद आणि झूम एका अंगठ्यावर आलं की कॅमेऱ्याच्या अंगाला हात लावावा लागत नाही.

कार्डाचा हिशोब सोपा आहे. सेकंदाला १०० मेगाबिटच्या ४केला तासाला ४५ जीबी लागतात, २८ मेगाबिटच्या फुल एचडीला साडेबारा जीबीच्या आसपास. मी सकाळभर फुल एचडी, सेकंदाला ६० फ्रेम्स, असंच ठेवतो. नंतर हळू करून बघायचं झालं तर ६० फ्रेम्स उपयोगी पडतात. ४केचा मोह पहिल्या वर्षी टाळा.

चमकणारं सगळं झाका. ट्रायपॉडचे रुपेरी सांधे, लेन्सभोवतीची कडी, कंपनीचं पांढरं नाव. कापडी चिकटपट्टी पुरते.

पायरी ४ : आदल्या रात्री मेन्यूत

ही पायरी कंटाळवाणी आहे, म्हणूनच लोक गाळतात आणि पहाटे पाच वाजता बोटं गारठलेली असताना मेन्यू शोधत बसतात.

रेकॉर्डिंगचा लाल दिवा बंद. बीप बंद. काही मिनिटांनी आपोआप झोपी जाण्याची सोय बंद. डिजिटल झूम बंद. चेहरा ओळखणारा फोकस बंद, कारण झाडाच्या सालीत त्याला माणसं दिसतात. अंधारात शटर आपोआप हळू करणारी सोय बंद, नाहीतर पहाटेचा पक्षी धुरासारखा पसरतो. इन्फ्रारेडवाला नाइट मोड बंद. स्टॅबिलायझर साध्यावर ठेवा. जास्त जोराचा ठेवला तर कॅमेरा फिरवून थांबवल्यावर चित्र आपणहून थोडं घसरत राहतं. पडद्याचा उजेड सर्वात कमी, आणि त्यावर काळ्या पुठ्ठ्याची छोटी झापड. अंधारात पडदा उघडला की तुमचा चेहरा दिवाळीच्या आकाशकंदिलासारखा उजळतो, झाडावर बसलेल्या पक्ष्याला तो वरून स्वच्छ दिसतो.

आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग जुळवणारी सोय, ऑटोवरून काढून उन्हावर किंवा ढगाळवर बांधा. हिरव्या जंगलात ऑटो गोंधळतो. नराचं डोकं लालाचं पांढरं, पांढऱ्याचं निळं होत असताना कॅमेराही स्वतःचे रंग बदलत बसला तर कुणाचा रंग बदलला हेच कळत नाही.

काही कॅमेऱ्यांत बटण दाबायच्या आधीचे तीन सेकंद साठवण्याची सोय असते. ती असेल तर चालू करा.

पायरी ५ : बैठकीच्या खोलीत सराव

बंदूक रिकामी करा. पुन्हा उघडून बघा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. आता जमिनीवर भिंतीला टेकून बसा, गुडघे वर, बंदूक डाव्या गुडघ्यावर. मी उजव्या हाताने चालवणाऱ्याचं सांगतोय. डावखुरे असाल तर सगळं उलटं करा.

उजव्या खांद्यावरची बंदूक डावीकडे सहज वळते, उजवीकडे अडते. म्हणून पक्षी जिकडून येईल असं वाटतं तिकडे डावा खांदा करून बसायचं. उजवा हात बंदुकीवरून हलणार नाही. मोकळा राहतो तो डावा, कारण नळीचा भार गुडघ्यावर आहे. मग कॅमेरा डावीकडे, पण गुडघ्याजवळ नाही. कमरेच्या रेषेत, थोडा मागे.

आता बंदूक हळूहळू डावीकडे फिरवा आणि नळीचं तोंड कॅमेऱ्याच्या रेषेत केव्हा यायला लागतं ते बघा. ती तुमची हद्द. जंगलात बसल्यावर त्या दिशेचं एखादं झाड हेरून ठेवायचं आणि पक्षी त्या झाडापलीकडे गेला तर तो आजच्यापुरता वाचला. कॅमेरा वाचवायला बंदूक तिरकी धरून बार टाकण्याचे प्रकार मी ऐकलेत, ऐकल्यावर त्या माणसाबरोबर जंगलात गेलो नाही.

हे वीस-पंचवीस वेळा करा : डाव्या हाताने फिरवणं, थांबवणं, दांडा सोडणं, हात बंदुकीखाली नेणं. सोडल्यावर कॅमेरा आपल्या वजनाने खाली झुकत असेल तर हेडचा ताण वाढवा. घरच्यांना हसू द्या. माझी मुलगी सोफ्यामागून टर्की होऊन यायची आणि तिने खऱ्या पक्ष्यापेक्षा जास्त वेळा मला हलताना पकडलंय.

सेकंडहँड तंबूसारखं लपण मिळालं तर पहिल्या वर्षी जरूर घ्या. आत हात हलले तरी दिसत नाहीत. आतून सगळं काळं असतं, म्हणून कपडेही काळे घाला. खिडकीची काळी चौकट फ्रेममध्ये शिरली की कॅमेरा बाहेरचं सगळं पांढरंफटक करतो, तेव्हा एक्स्पोजर बाहेरच्या गवतावर बांधून ठेवायचं.

पायरी ६ : जागा आणि डिकॉय

उघड्यावर बसणार असाल तर खांद्यांपेक्षा रुंद खोडाला पाठ लावा. एक तर आकृती लपते, दुसरं म्हणजे मागून येणारा दुसरा शिकारी तुम्हाला पक्षी समजत नाही. लाल, पांढरा, निळा रंग अंगावर कुठेही नको, मोजासुद्धा नको, कारण तेच नराच्या डोक्याचे रंग आहेत. माइकवरच्या फोमचा लाल रंगही यात आला. चालताना मी नारिंगी टोपी घालतो, बसल्यावर काढतो. दुसरा माणूस दिसला तर हात हलवू नका, स्पष्ट आवाजात हाक मारा. चित्रीकरण गेलं तर गेलं.

सूर्य पाठीमागे, तुम्ही सावलीत, पक्षी उन्हात : अशी जागा मिळाली तर त्याची पिसं तांब्या-पितळेसारखी चमकतात. सूर्य समोर असेल तर काळी आकृती मिळते आणि लेन्सवर चकाकी येते, ती त्यालाही दिसते.

डिकॉय म्हणजे पक्ष्याला भुलवणारा नकली टर्की. तो २० यार्डांच्या आत लावा. जेकचा डिकॉय ठेवत असाल तर त्याचं तोंड थोडं तिरकं तुमच्याकडे करा. नर सहसा दुसऱ्या नराच्या तोंडासमोर येऊन उभा राहतो. म्हणजे तो तुमच्याकडे पाठ किंवा कूस करतो, फुललेल्या शेपटीआड त्याचे डोळे जातात आणि तुम्हाला हलायला दोन-तीन सेकंद मिळतात. त्याहून चांगलं म्हणजे डिकॉय तुमचं फोकसचं माप होतो. डिकॉयवर फोकस करा आणि लगेच मॅन्युअलवर टाका. ऑटोवर ठेवलात तर ऐन वेळी कॅमेरा मधल्या गवताच्या पात्याच्या प्रेमात पडतो आणि मागे एक तपकिरी ढग नाचताना दिसतो.

बसल्यावर लेन्ससमोरच्या काड्या मोडून काढा. डोळ्याला न दिसणारी काडी झूम केल्यावर ओंडक्याएवढी होते.

जाता जाता : इथल्या मे महिन्यात गोचिडी असतात आणि लाइम रोगही. कपड्यांवर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मारा, घरी आल्यावर अंग तपासा. कॅमेऱ्याच्या पिशवीतूनही त्या घरी येतात.

पायरी ७ : पहाट

सूर्योदयाच्या तासभर आधी बसलेलं असावं. उबदार गाडीतून कॅमेरा एकदम गार दमट हवेत काढला की लेन्सवर बाष्प धरतं. मी पिशवी रात्रभर गाडीच्या डिकीतच ठेवतो, बॅटऱ्या मात्र खिशात, अंगाच्या उबेला.

कायद्याचा उजेड आणि कॅमेऱ्याचा उजेड वेगळा. सूर्योदयाआधी अर्धा तास तुमच्या डोळ्याला दिसतं, पण कॅमेऱ्यात रवाळ चित्र येतं. झूम वाढवला की लेन्स आणखी कमी उजेड आत घेते, म्हणून या वेळात झूम रुंदच ठेवा. झाडावरच्या काळ्या आकृत्या, पूर्वेकडची फटफट, दूरवर घुमणारं बार्ड आउल जातीचं घुबड, आणि या सगळ्याला उत्तर देणारा पहिला गॉबल. हे चित्र फार स्पष्ट नसलं तरी चालतं, आवाज स्पष्ट हवा.

आवाजाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण नवशिक्यांच्या चित्रीकरणात सगळ्यात वाईट तोच असतो. कॅमेऱ्यातला माइक कॅमेऱ्याच्या पोटातली घरघर ऐकतो. छोटा शॉटगन माइक, म्हणजे समोरचाच आवाज घेणारा नळीसारखा माइक, लावा आणि त्याला केसाळ टोपडं घाला. तुमचा बॉक्स कॉल किंवा स्लेट कॉल (मादीचा आवाज काढायची, घासून वाजवायची पेटी किंवा पाटी) माइकपासून हातभर लांब, शरीराच्या दुसऱ्या बाजूला वाजवा, नाहीतर मादीचा गोड आवाज दार करकरल्यासारखा येतो. पातळी हाताने बांधा, गॉबल साधारण उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी. ऑटो पातळीवर ठेवलंत तर बंदुकीच्या बाराच्या आवाजाने ती खाली दबते आणि नंतरचे पंखांचे फटके, तुमचा सुटलेला श्वास, सगळं काही सेकंद गायब होतं. बार फाटलेलाच येणार. काही बिघडत नाही.

पिसारा फुलवलेला नर एक अगदी खालच्या पट्टीतला आवाज काढतो. आधी थुंकल्यासारखं 'फ्ट' आणि मग लांबच्या ट्रकसारखी गुंजन. त्याला ड्रमिंग म्हणतात. हा आवाज कानापेक्षा छातीला जास्त जाणवतो, आणि माइकवरची वारा कापणारी सोय चालू असेल तर नेमका हाच कापला जातो. सकाळ निवांत असेल तर ती सोय बंद ठेवा. एका कानात हेडफोन, दुसरा मोकळा. मला हेडफोनमधून ड्रमिंग ऐकू आलं आणि डोळ्यांना अजून काहीच दिसत नव्हतं, असं दोनदा झालंय. तेवढ्या वेळात मी कॅमेरा तिकडे वळवून ठेवू शकलो.

पायरी ८ : १०० यार्डांपासून ४० यार्डांपर्यंत

उत्तर देणारा पक्षी अंदाजे १०० यार्डांच्या आत आला की रेकॉर्डिंग चालू करा आणि पडद्यावरचा लाल ठिपका डोळ्याने बघा. बोटावर विश्वास ठेवू नका. माझा बूट आठवा. एकदा चालू केलं की सकाळ संपेपर्यंत त्या बटणाला पुन्हा हात लावायचा नाही. कार्ड स्वस्त आहे.

तो दिसला की झूम करायचा मोह होतो. थोडा करा : डोकं, लोंबणारी चोचीवरची मांसल सोंड, जमिनीला घासणारी पंखांची टोकं. डोकं पांढरंफेक होत असेल तर एक्स्पोजर एक खूण खाली. हे सगळं तो झाडामागे गेल्यावर किंवा पाठ फिरवल्यावर करायचं. समोर बघत असताना दगड व्हायचं.

पक्षी ४० यार्डांच्या रेषेवर आला की तुमच्यातला कॅमेरेवाला घरी जातो. ही रेषा बसल्या बसल्या आधीच दोन झाडांनी ठरवून ठेवा. झूम मागे घ्या, डिकॉय आणि त्याच्या दोन्ही बाजूंचं बरंचसं गवत दिसेल इतका रुंद. दांडा सोडा. डावा हात बंदुकीखाली. पुढे तो फ्रेमबाहेर गेला तर गेला.

इथे एक नियम मी कुणासाठीही वाकवत नाही. पडद्यावर बघून नेम ठरवायचा नाही. पडद्यावर दिसतो तो चौकटीपुरता पक्षी. त्याच्या मागे कोण आहे, बाजूला दुसरी मादी आहे का, खरंच दाढी आहे का, हे उघड्या डोळ्यांनी बघायचं. छर्रे चौकट मानत नाहीत. नेम डोकं आणि मान जिथे मिळतात तिथे, आणि मान ताठ असताना. पूर्ण पिसाऱ्यात तो मान आखडून घेतो. अशा वेळी एक छोटा 'टक्' केलात की बऱ्याचदा डोकं वर करतो.

'अजून थोडं चांगलं दृश्य मिळेल' म्हणून थांबल्याने पक्षी गेले आहेत, 'कॅमेरा चालू आहे' म्हणून घाई केल्याने जखमी पक्षी निसटले आहेत. दुसरं जास्त वाईट. शंका असेल तर बार नको. न मारलेल्या पक्ष्याचं सलग दहा मिनिटांचं चित्रीकरण माझ्याकडे आहे आणि पाहुण्यांना मी तेच दाखवतो.

टर्कीच्या शेपटीचा पंखा हातात धरून त्याच्याआड रांगत जाण्याची थरारक दृश्यं तुम्ही पाहिली असतील. इथे ते बेकायदा आहेच, शिवाय जंगलात स्वतःच टर्की होऊन फिरण्याइतकं धोक्याचं दुसरं काही नाही.

पायरी ९ : बार उडाल्यानंतर

सेफ्टी लावा. कॅमेरा आहे तिथेच राहू द्या, तो रुंद आहे, तुम्ही चालत जाताना दिसाल. पळू नका. पक्ष्याला जागेवरून हलवण्याआधी लायसन्सबरोबरचा टॅग (चिठ्ठी) भरून त्याला बांधायचा, आणि शिकारीची नोंद दहा दिवसांच्या आत कळवायची. आधी हे, मग कॅमेरा.

आता निवांत वेळ आहे. बाजूच्या उन्हात पिसं, पायामागचे काटे, दाढीची लांबी. तुमची बैठक पक्ष्याच्या जागेवरून कशी दिसते तेही घ्या. हातात कॉल धरून वाजवतानाची जवळची दृश्यंही आता घेतली तर चालतात, सगळेच घेतात. पण न घडलेला क्षण घडवू नका. रक्त पानांनी पुसा, पक्षी नीट ठेवा. गाडीकडे नेताना नारिंगी पिशवीत घाला, खांद्यावरचा उघडा टर्की पाहून दुसऱ्या कुणाचा हात बंदुकीकडे जायला नको.

एखादा छोटा अ‍ॅक्शन कॅमेरा असेल तर तो समोरच्या झाडाच्या बुंध्याशी, बाजूला, तुमच्याकडे तोंड करून लावून ठेवा. बंदुकीच्या फिरण्याच्या पट्ट्यात नको. दोन कॅमेऱ्यांचे आवाज जुळवायला सिनेमावाले पाटी आपटतात, जंगलात ती कशी आपटणार? बाराचा आवाज दोन्हीकडे सुईसारखा उभा दिसतो. सुईला सुई लावा, जुळलं. डाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती यासाठी पुरेशी आहे.

घरी आल्यावर बूट काढायच्या आधी कार्ड दोन ठिकाणी उतरवा. संकलन करताना रस्त्याची पाटी, शेतकऱ्याचं घर, ओळखू येणारी टेकडी कापा, नाहीतर पुढच्या शनिवारी तुमच्या झाडाखाली दुसराच बसलेला सापडेल. संगीत कमी, जंगल जास्त. सगळं मिळून सात-आठ मिनिटं.

मांडीचं मांस चिवट असतं, त्यातल्या शिरा काड्यांसारख्या. ते कुकरला लावून, आलं-लसूण आणि घरचा मसाला घालून रस्सा केला तरच खाण्यासारखं होतं. सांगलीला आईकडे पाठवायची प्रत मी वेगळी काढतो. तिच्यात बाराच्या दोन सेकंद आधी कट आहे आणि पुढचं दृश्य थेट कुकरच्या शिट्टीचं. ती दरवर्षी पिसारा फुलवलेल्या नरापाशी थांबवते आणि विचारते, "अरे, पण हा मोर एवढा काळा कसा?"